मुलींचा मेंदू फिजिक्ससाठी नसतो, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही पिंपळगाव बसवंतकडचे द्राक्षबागायतदार. मुलगी नाशिकला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. तिला जॅम, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या एमएस्सीची प्रवेशपरीक्षा, देऊन एमएस्सी आणि मग पीएचडी करायची आहे. घरातले इंजिनिअर काका म्हणतात, मुलींचा मेंदू मुळात गणित-फिजिक्ससाठी घडलेलाच नसतो, नाहीतर नोबेलच्या यादीत इतक्या कमी बायका कशा? त्यातच पुण्यात आयटीत असलेल्या मुलाचं स्थळ आलंय आणि ती मंडळी 'लग्नानंतर शिकवू की' म्हणतायत. काकांचं खरं आहे का आणि आता काय करावं, असं तुम्ही विचारता.

मी नाशिकमध्ये बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. त्यातली बरीच वर्षं प्रयोगशाळा माझ्याकडे होती. काकांचं म्हणणं खरं नाही. पण एवढं सांगून घरातला वाद मिटणार नाही, म्हणून जरा खोलात जाते.

समजा तुमच्या बागेत थॉमसन द्राक्षांचे दोन प्लॉट आहेत. एकाची सरासरी शुगर १८ ब्रिक्स आली, दुसऱ्याची साडेअठरा. आता कुणी एक घड हातात देऊन विचारलं, हा कुठल्या प्लॉटचा, तर तुम्हाला सांगता येईल का? एकाच प्लॉटमधल्या घडाघडांत त्याहून कितीतरी जास्त फरक असतो, त्यामुळे नाही सांगता येणार. मुलगे आणि मुली यांच्या गणिती क्षमतेत आजवर जे फरक मोजले गेले, ते बहुतेक याच प्रकारचे आहेत. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये अशा अभ्यासांचे ४६ मोठे आढावे एकत्र तपासले. मोजलेल्या फरकांपैकी ७८ टक्के फरक एकतर नगण्य किंवा अगदी लहान निघाले. पुढे २००८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दुसरी ते अकरावीच्या ७० लाखांहून अधिक मुलामुलींचे गणिताचे निकाल पाहिले. सरासरीत फरक जवळजवळ नव्हताच.

एका बाबतीत मात्र खरोखर ठळक फरक दिसतो आणि तो मी लपवणार नाही. एखादी वस्तू मनातल्या मनात फिरवून ती मागून, खालून कशी दिसेल हे ओळखण्याच्या चाचणीत मुलगे सरासरीने पुढे असतात. काकांच्या हातात हा मुद्दा आला तर ते तो उचलतील. पण ही क्षमता सरावाने वाढते. २०१३ मध्ये अशा दोनशेहून अधिक अभ्यासांचा आढावा निघाला, त्यात स्त्री-पुरुष दोघांचीही सुधारणा दिसली आणि ती टिकलीही. मी हे वर्गात पाहिलंय. सॉलिड स्टेटमध्ये मिलर इंडायसेस, म्हणजे स्फटिकातलं प्रतल तीन अंकांनी दाखवायची पद्धत, आले की अर्ध्या वर्गाचे चेहरे उतरायचे, मुलींचे जास्त. मग मी घरून बटाटे आणि सुऱ्या नेऊ लागले. बटाट्याचा चौकोनी ठोकळा कापायचा आणि त्याचा एक कोपरा तिरका उडवायचा. जो त्रिकोण उघडा पडतो ते एक-एक-एकचं प्रतल. कोपऱ्याऐवजी एक कड उडवली की एक-एक-शून्यचं. दोन-तीन आठवडे हातांनी कापल्यावर त्याच मुली फळ्यावरची आकृती न कापता सांगू लागायच्या. लहानपणापासून ट्रॅक्टरखाली शिरून नट खोलणाऱ्या, पाण्याची मोटर उघडून बसणाऱ्या मुलाचा हा सराव आपोआप झालेला असतो. त्याच घरातल्या बहिणीला तेव्हा कुणी पाना दिलेला नसतो.

काका कदाचित म्हणतील, सरासरीचं ठीक, पण अगदी वरच्या टोकाला मुलगेच असतात. याचीही मोजणी झालेली आहे. अमेरिकेत तेरा वर्षांच्या हुशार मुलांना कॉलेजप्रवेशाची गणिताची परीक्षा देऊन पाहण्याचा उपक्रम आहे. १९८०च्या सुरुवातीला ८०० पैकी ७०० किंवा जास्त गुण मिळवणाऱ्यांत १३ मुलांमागे १ मुलगी होती. पुढे हे प्रमाण ४ मुलांमागे १ मुलगीच्या आसपास आलं. उरलेल्या फरकात जन्मजात वाटा किती यावर अभ्यासकांत अजून वाद आहे आणि तो प्रामाणिक वाद आहे. पण १३चे ४ होताना मुलींचा मेंदू बदलला नव्हता. एका पिढीत माणसाची जनुकं बदलत नाहीत. बदलल्या त्या शाळा, शिकवण्या आणि घरच्यांच्या अपेक्षा. म्हणून १९८० साली जो आकडा निसर्गाचा वाटत होता, त्याचा मोठा भाग निसर्गाचा नव्हता.

आता नोबेल. भौतिकशास्त्राच्या यादीत २०२५पर्यंत पाच स्त्रिया आहेत: मेरी क्यूरी १९०३, मारिया गोपर्ट मायर १९६३, डोना स्ट्रिकलंड २०१८, अँड्रिया गेझ २०२० आणि अ‍ॅन लुलिये २०२३. पहिलीनंतर दुसरीला साठ वर्षं लागली, दुसरीनंतर तिसरीला पंचावन्न, आणि मग सहा वर्षांत तिघी. यातल्या गोपर्ट मायर यांच्याबद्दल काकांना जरूर सांगा. नवरा प्राध्यापक असेल तर बायकोला त्याच विद्यापीठात पगारी जागा द्यायची नाही, असे तेव्हा नियम होते. या बाईंनी वर्षानुवर्षं बिनपगारी काम केलं. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकपद मिळालं ते १९६० साली, तोवर नोबेल मिळवून देणारं त्यांचं काम करून दहाएक वर्षं होऊन गेली होती. केंब्रिज विद्यापीठ तर १९४८पर्यंत स्त्रियांना नावापुरती पदवी देत होतं, विद्यापीठाचं सभासदत्व नाही. ज्या शर्यतीत निम्म्या माणसांना मैदानावरच येऊ दिलं नव्हतं, तिच्या विजेत्यांची यादी दाखवून पायांची ताकद ठरवता येत नाही.

आपल्याकडचं उदाहरण याहून जवळचं आहे. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथे संचालक होते सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून रामन यांनी नकार दिला. कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि ठाम उभ्या राहिल्या. शेवटी एक वर्ष काम पाहून मग ठरवू या बोलीवर, पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होऊ देणार नाही अशा अटींवर त्यांना घेतलं. त्यांनी ते वर्ष काढलं, पुढे केंब्रिजला जाऊन बटाट्याच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी हे पेशींच्या श्वसनात लागणारं प्रथिन असतं हे दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. मला या गोष्टीत नेहमी आठवतो तो त्यांच्या घरचा भाग. त्यांचे वडील आणि काका, दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. त्या घरात मुलीनं संशोधनात जाणं ही चालत आलेली वाट होती.

आणखी एक नाव घेते, कारण त्या बाईंनी अशाच एका वादाला मोजमापाने उत्तर दिलं होतं. इरावती कर्वे बर्लिनला पीएचडीला गेल्या तेव्हा त्यांच्या मार्गदर्शकांची, ऑइगेन फिशर यांची, अपेक्षा होती की कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेवरून युरोपीय माणसाची श्रेष्ठता सिद्ध व्हावी. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही असं लिहून दिलं. १९३० मध्ये, परक्या देशात, स्वतःच्या मार्गदर्शकाच्या विरोधात जाणारा निष्कर्ष. कवटीवरून माणसांची प्रतवारी लावणाऱ्यांना त्यांनी आकड्यांनी उत्तर दिलं.

हे सगळं पुस्तकी झालं. मी जे शिकले ते प्रयोगशाळेत.

आपल्याकडे एका उपकरणावर तीन-चार विद्यार्थी असतात. सोडियम दिवा लावला, प्रकाशकिरणांचे कोन मोजणारा स्पेक्ट्रोमीटर मांडला, प्रिझम ठेवला की मुलगा दुर्बिणीला डोळा लावतो. टेबल लेव्हल तोच करतो, फटीची प्रतिमा तोच शोधतो, व्हर्निअरची बारीक मोजपट्टी तोच वाचतो. मुलगी शेजारी बसून रीडिंग उतरवून घेते. मग कॅल्क्युलेशन तिच्याकडे, आलेख तिच्याकडे, कारण 'तिचं अक्षर चांगलं आहे'. कुणी तिला ढकललेलं नसतं. ती स्वतःच सरकून बसते. वर्षाच्या शेवटी तिचं जर्नल वर्गात सगळ्यात सुंदर असतं. आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात, प्रत्येकाला एकट्याने प्रयोग करायचा असतो, तेव्हा याच मुलीला फटीची प्रतिमा सापडत नाही. तिचे हात थरथरतात. ती बाहेर येऊन म्हणते, 'मॅडम, मला थिअरी जमते, प्रॅक्टिकल नाही जमत.' तिनं ते कधी केलेलंच नसतं.

हे माझ्या लक्षात यायला सात वर्षं लागली, याचं मला आजही वाईट वाटतं. कारण त्या सात वर्षांत मी स्वतःही 'अगं, तू रीडिंग लिहून घे' असं कितीतरी मुलींना म्हणाले असणार. नंतर मी फळ्यावर पाळी लिहायला लागले: आज कुणाचे हात, आज कुणाची वही. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी तक्रार केली, मुलींनी जास्त. हातात उपकरण आलं की चूक दिसते, वहीत दिसत नाही. दुसऱ्या सत्रात तक्रारी थांबल्या. इगतपुरीकडून रोज एसटीने येणारी एक मुलगी सोल्डरिंगला इतकी घाबरायची की गरम टोक बघून दोन पावलं मागे जायची. तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळेतले बंद पडलेले चार पॉवर सप्लाय तिनेच उघडून दुरुस्त केले. आज ती अंबडच्या एका कारखान्यात टेस्टिंग विभाग सांभाळते.

माणूस पाहून काम वाटून देणं ही फक्त पुरुषांची सवय नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या १२७ विज्ञान प्राध्यापकांना प्रयोगशाळेतल्या एका नोकरीचा तोच अर्ज पाठवला गेला, निम्म्यांना मुलाच्या नावाने, निम्म्यांना मुलीच्या. मुलाचा अर्ज जास्त लायक ठरला आणि पगारही जास्त सुचवला गेला. स्त्री प्राध्यापकांनीही तसंच केलं. मी हा अभ्यास वाचला तेव्हा मला माझं 'तू रीडिंग लिहून घे' आठवलं. पुढे २०१५ मध्ये प्राध्यापकाच्या नेमणुकीबाबत असाच एक प्रयोग झाला, त्यात उलट स्त्री उमेदवारांना पसंती मिळाली. म्हणजे सगळीकडे, सगळ्या पायऱ्यांवर सारखाच अन्याय होतो असं मी म्हणणार नाही. कुठल्या पायरीवर काय होतं हे बघावं लागतं.

आणि नाशिकमध्ये ती पायरी कुठली, हे मला पक्कं माहीत आहे. दहावीची नाही, बारावीची नाही, बीएस्सीची तर नाहीच. माझ्या बीएस्सीच्या वर्गात शेवटच्या काही वर्षांत मुलीच जास्त असायच्या. देशभरही तेच आहे: २०२०-२१च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञानाच्या पदवीला निम्म्याहून जास्त मुली होत्या. आणि दुसरीकडे, संशोधनाच्या कामात प्रत्यक्ष असलेल्या माणसांत स्त्रियांचं प्रमाण २०१८च्या सरकारी आकडेवारीत १६.६ टक्के. फिजिक्समधला भटनागर पुरस्कार, आपल्या देशातला विज्ञानाचा मानाचा पुरस्कार, एका स्त्रीला पहिल्यांदा मिळाला तो २०१८ मध्ये, अदिती सेन डे यांना. पदवी आणि संशोधन यांच्यामधल्या बावीस ते तीस या वयात मुली गळतात. त्या वयात मेंदू बिघडत नाही. त्या वयात स्थळं येतात.

लग्न आणि मुलं हेच सगळं कारण, असंही समजू नका. भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली विज्ञानात पीएचडी झालेल्या भारतीय स्त्रियांची पाहणी केली होती. ज्या संशोधनाबाहेर होत्या त्यांतल्या बऱ्याच जणींचं म्हणणं होतं की घरामुळे नाही, जागाच मिळाली नाही म्हणून बाहेर आहोत. आपण मात्र मनाशी धरून बसतो की तिनंच घरासाठी सोडलं.

माझं स्वतःचं सांगते. मी पीएचडीसाठी एका संस्थेत मुलाखतीला गेले तेव्हा माझा मुलगा दीड वर्षाचा होता. समोर चौघे बसले होते आणि पहिला प्रश्न आला, बाळाला कोण सांभाळणार? विषयावर कुणी काही विचारलंच नाही. प्रवेश मिळाला नाही. नंतर दुसरीकडे नोंदणी झाली, कॉलेजचे तास सांभाळून काम केलं आणि पदवी हातात यायला अकरा वर्षं लागली. माझ्या वर्गातल्या एका मित्राला, माझ्यापेक्षा कमी गुण असलेल्या, चार वर्षं लागली होती. माझी सात वर्षं कुठे गेली ते मला तारीखवार सांगता येईल. म्हणून तुमच्या मुलीची वर्षं जावीत असं मला वाटत नाही.

आता व्यवहाराचं. तुमच्या मनात 'अजून सात वर्षं तिला पोसायचं का' असा प्रश्न असेल तर तो काढून टाका. फिजिक्सची पीएचडी वडिलांच्या पैशावर करायची नसते. सीएसआयआर-नेट ही देशपातळीवरची परीक्षा पास होऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली की २०२३पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० मिळतात, घरभाडं वेगळं. त्या परीक्षेला मुलींना वयात ५ वर्षांची सवलत आहे. यूजीसीच्या नियमांनुसार पीएचडीच्या मुदतीत मुलींना २ वर्षं जास्त मिळतात आणि त्या काळात मूल झालं तर २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. माझ्या वेळी मुदतीची आणि रजेची ही सवलत नव्हती. तुमचा खर्च एमएस्सीच्या दोन वर्षांचा, तोही बहुतांश हॉस्टेलचा.

या वर्षांत हाती काही लागताना दिसत नाही, हे खरं. पण तुम्ही बागाईतदार आहात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेत एक घड दिसत नाही, तरी तुम्ही पाणी देता, सबकेन काढता, औषधं मारता, कारण ऑक्टोबरच्या छाटणीला जे घड येणार ते त्याच दिवसांत काडीच्या डोळ्यात तयार होत असतात. तिची बावीस ते अठ्ठावीस ही वर्षं तशी आहेत.

स्थळाबद्दल. स्थळ नाकारा असं मी म्हणत नाही, चांगली माणसं असू शकतात. पण 'लग्नानंतर शिकवू' या वाक्याला मी बत्तीस वर्षांत फार घाबरायला शिकले आहे. ते बोलणारे बहुतेक वेळा खोटं बोलत नसतात. त्यांच्या डोळ्यासमोर घराजवळचा एखादा कोर्स असतो, दुपारी जाऊन संध्याकाळच्या स्वयंपाकाला परत येण्यासारखा. पीएचडी म्हणजे रात्री अकराला प्रयोगशाळेत असणं, हे त्यांना माहीतच नसतं. म्हणून बैठकीत नेमकं विचारा. तिला एमएस्सीला मुंबई, कानपूर किंवा चेन्नईला जागा मिळाली तर ती हॉस्टेलला राहील, चालेल? पुण्यात मिळाली तरी पहिली दोन वर्षं घरच्या कार्यक्रमांना ती येऊ शकणार नाही, चालेल? मूल कधी, हे ते दोघं ठरवतील, की घरातली वडीलधारी? उत्तरं ऐकताना मुलाकडे बघा, त्याच्या आई-वडिलांकडे नको. उत्तर तो देतो की त्याच्या वतीनं दुसरं कुणी देतं, यावरून बरंच कळतं. आणि मुलगी त्या खोलीत बसलेली असू द्या, चहाचा ट्रे घेऊन दोन मिनिटांसाठी आलेली नको.

तिच्या आईला तिला एवढ्या लांब पाठवायची भीती वाटते, असंही तुम्ही लिहिलंय. ती भीती मी हलक्यात घेत नाही, माझ्या आईलाही होती. एक करा. नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश शेतांमधून पसरलेल्या. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, ती लोकांना दाखवतात. दोघींना घेऊन जा. तिथे समजावून सांगायला उभ्या असणाऱ्या संशोधक मुलींशी आईला बोलू द्या. कुठे राहता, जेवायचं काय, रात्री उशीर झाला तर परत कशा येता, हे सगळं तिनं त्यांनाच विचारावं. माझ्या शब्दापेक्षा त्या मुलींचं उत्तर तिला जास्त पटेल.

एक गोष्ट मात्र तुमच्या लिहिण्यात मला सापडली नाही. काका काय म्हणतात ते आहे, स्थळवाले काय म्हणतात ते आहे, तुमची आणि तिच्या आईची काळजी आहे. मुलीचं फक्त 'पीएचडी करायची म्हणते' एवढंच आहे. तिला सांगा, मला स्वतः लिही. फिजिक्समधला कुठला भाग आवडतो, आणि तीन वर्षांत कुठला प्रयोग तिनं पूर्ण स्वतःच्या हातांनी केला. एकही केला नसेल तर तसं लिहावं, घाबरू नये. कॉलेज सुरू आहे तोवर सोमवारी जाऊन स्पेक्ट्रोमीटर मागून घ्यावा आणि रीडिंग लिहायला दुसऱ्या कुणाला तरी बसवावं.